किल्लीची लांबी कोणी सांभाळायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्सच्या एका ड्रायव्हरमध्ये नावावरून नोंद शोधायचं टेबल हवंय. नावं ४ पासून २०० बाइटपर्यंत कितीही लांब, नोंदी लाखभर, वाचणारे पुष्कळ, लिहिणारा एखादाच. इंटरफेसमध्ये २५६ बाइटचा ठोकळा घ्यावा, शून्याने संपणारी स्ट्रिंग घ्यावी, का पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि लांबी अशी जोडी? कर्नेलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, आरहॅशटेबल हे तयार टेबल याला चालेल का? आणि लांबीसाठी एकच बाइट ठेवला तर पुरेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागाहून. जोडी घ्या. किल्लीचे, म्हणजे ज्या नावाने नोंद शोधायची त्या नावाचे, बाइट नोंदीच्याच शेपटाला ठेवा. नोंद टेबलात गेल्यावर त्यातलं एक अक्षरही हलवू नका. आरहॅशटेबल चालतं, पण त्याला तीन फंक्शनं स्वतः लिहून द्यावी लागतात, आणि त्यातलं एक विसरलात तर ते ओरडत नाही, गुपचूप चुकतं. (‘की’ लिहायला गेलं तर मराठीत दर दुसऱ्या वाक्याला ‘की’ला ‘की’ आपटतो, म्हणून इथे किल्लीच म्हणतो.)

लांबीचा घोळ मला पहिल्यांदा कळला तो एका सॉकेटमुळे. एका जुन्या कामात दोन डिमन (मागे राहून चालणारे प्रोग्रॅम) युनिक्स सॉकेटवरून एकमेकांशी बोलायचे, तेही अ‍ॅबस्ट्रॅक्ट नावाने, म्हणजे डिस्कवर फाइल नको आणि नंतरची झाडलोटही नको. एक सी मध्ये लिहिलेला, दुसरा वेगळ्या भाषेत, वेगळ्या टीमचा. नाव दोन्हीकडे अक्षरशः तेच, तरी जोडणी करायला गेलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. परवानग्या पाहिल्या, नेमस्पेस पाहिले, अर्धा दिवस गेला. शेवटी ‘प्रॉक’मधली नेट/युनिक्स ही कर्नेलची सॉकेटांची यादी उघडली, तर आमच्या नावामागे ‘@’ ची लांबलचक शेपटी.

ती शेपटी म्हणजे शून्य बाइट. अ‍ॅबस्ट्रॅक्ट नावाचा पहिला बाइट शून्य असतो, आणि त्यापुढे शून्याला ‘इथे संपलं’ असा काही अर्थ उरत नाही. पत्त्याची जी लांबी तुम्ही द्याल तेवढे सगळे बाइट म्हणजे नाव. नावासाठी जागा १०८ बाइट, पत्त्याचं पूर्ण स्ट्रक्ट (सी मधली फील्डांची मांडणी) ११० बाइटचं. आमच्या सी च्या कोडने सवयीने पूर्ण स्ट्रक्टचा साइझ दिला होता, दुसऱ्या टीमने नावापुरतीच लांबी दिली होती. कर्नेल आधी लांबी जुळते का बघतं, मग बाइट ताडून बघतं. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं होती, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग चूक कोणाची? आमची, पण इंटरफेसने तिला आमंत्रण दिलं होतं. फाइलच्या पाथवरचं सॉकेट असेल तर त्याच कॉलला, त्याच आर्ग्युमेंटमध्ये लांबी जास्त दिली तरी खपतं, कारण तिथे शून्य म्हणजे शेवट. म्हणजे तेच स्ट्रक्ट, तीच लांबी, पण एका ठिकाणी ती ‘जास्तीत जास्त एवढी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नेमकी एवढी’. हाताला सवय पहिल्या अर्थाची लागते आणि दुसरा अर्थ दगा देतो. तुमच्या इंटरफेसमध्ये लांबीला एकच अर्थ असू द्या: नेमके इतके बाइट, शेवटचं शून्य न धरता.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे वळू. शून्याने संपणारी स्ट्रिंग तेवढी सोडून द्या. ती दर वेळी मोजावी लागते, मध्ये शून्य आलेलं तिला चालत नाही, आणि वापरकर्त्याकडून आलेल्या मजकुराच्या शेवटी शून्य असेलच याची हमी नाही.

ठोकळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो दिसायला सोपा आहे. लाख नोंदी गुणिले २५६ म्हणजे २ कोटी ५६ लाख बाइट. नाव सरासरी ३० बाइटचं धरलं तर खरा मजकूर ३० लाख बाइटच. मेमरी आज स्वस्त आहे म्हणून हे सोडून दिलं, तरी दर लुकअपला २५६ बाइटांवरून हॅश (नोंद टेबलाच्या कोणत्या बादलीत, म्हणजे कप्प्यात, शोधायची ते ठरवणारा आकडा) काढायचा आहे आणि त्या बाइटांतले बहुतेक शून्यच आहेत. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. ठोकळ्याची तुलना उरलेल्या बाइटांसकट होते. बीपीएफचे (कर्नेलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) हॅश मॅप वापरणाऱ्या बहुतेकांनी हा मार खाल्लेला असतो. तिथे किल्लीचा साइझ मॅप बनवतानाच ठरतो आणि कर्नेल तेवढे बाइट डोळे झाकून ताडतं. किल्ली म्हणून दिलेल्या स्ट्रक्टमध्ये ४ बाइटचा आकडा, मग १ बाइटचा प्रकार, मग पुन्हा ४ बाइटचा आकडा असेल, तर कंपायलर मध्ये ३ बाइटची पोकळी सोडतो. त्या पोकळीत जुना कचरा राहिला तर नोंद घातली एका किल्लीने आणि शोधली ‘त्याच’ किल्लीने, तरी सापडत नाही. आधी मेमसेट (सगळी जागा शून्य करणं), मग भरणं, हा क्रम तिथे पाळावाच लागतो. मुळात ठोकळा म्हणजे लांबी लपवणं. ती गेलेली नसते, प्रत्येक वापरणाऱ्याच्या शिस्तीवर टाकलेली असते.

एक चौथा पर्यायही आहे, तुम्ही तो विचारला नाहीत. लांबी किल्लीच्याच पहिल्या बाइटमध्ये ठेवायची. बीएसडी या युनिक्सच्या शाखेने १९९० च्या ४.३ रीनोमध्ये सॉकेटच्या पत्त्यांना अशी लांबी जोडली, आणि तिथलं रूटिंगचं रॅडिक्स ट्री तो पहिला बाइट वाचूनच किल्ली किती लांब ते ठरवतं. हे सुटसुटीत आहे, एकच पॉइंटर फिरवला की काम झालं. लिनक्सने हा बाइट घेतला नाही, तिथे पत्त्याची लांबी पत्त्याबाहेरूनच, कॉलसोबत येते. मला बीएसडीची पद्धत आवडते, पण तिची गोम अशी की शोधणाऱ्यालाही किल्ली त्याच साच्यात घडवावी लागते. तुमच्याकडे नाव एखाद्या पॅकेटच्या मध्यात पडलेलं असेल, तर त्याच्या अलीकडे लांबीचा बाइट घुसवायला ते आधी कॉपी करावं लागेल. जोडीत ही कॉपी वाचते. पॉइंटर पॅकेटमधल्या जागेवर रोखा, लांबी द्या, शोधा.

लांबी कशात मोजायची, हेही लिहून ठेवावं लागतं. बीपीएफमध्ये २०१७ मध्ये सर्वात लांब उपसर्ग जुळवणारा ट्राय (बिटागणिक फांद्या फुटणारं झाड) आला. त्याची किल्ली म्हणजे सुरुवातीला ३२ बिटांचा आकडा, पुढे जास्तीत जास्त २५६ बाइट. तो आकडा बिटांत मोजायचा असतो. आयपी पत्त्यांसाठी हे स्वाभाविकच आहे, २४ म्हणजे स्लॅश २४. पण कोणी त्यात नावं ठेवायला गेलं तर? ‘पुणे’ हे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, म्हणजे ९६ बिट. ९६ च्या जागी १२ लिहिलं तर फक्त पहिले १२ बिट जुळवले जातात. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले १२ बिट सारखेच असतात! म्हणजे ‘पुणे’ म्हणून घातलेली नोंद ‘नाशिक’लाही जुळते आणि ‘कणकवली’लाही. चाचणीत फक्त पुणेच तपासलं असेल तर सगळं हिरवं दिसतं.

याच ट्रायच्या किल्लीत आणखी एक धडा आहे. तिचं स्ट्रक्ट जाहीर केलं तेव्हा बाइटांच्या जागी शून्य लांबीचा अ‍ॅरे होता. लोकांनी ते स्ट्रक्ट आपल्या स्ट्रक्टच्या पोटात घालून पुढे स्वतःची फील्ड लावली. पुढे कर्नेलमध्ये असे अ‍ॅरे बदलून खरे (लांबी न सांगता स्ट्रक्टच्या शेवटी ठेवायचे) लवचीक अ‍ॅरे करायची मोहीम आली, आणि लवचीक अ‍ॅरे तर शेवटीच हवा. शेवटी २०२४ मध्ये जुनं स्ट्रक्ट तसंच ठेवून त्याच्यावर ‘वापरू नका’ची पाटी लावली, आणि फक्त शीर्षभागाचं एक व बाइटांसकट एक अशी दोन नवी स्ट्रक्ट आणली. तुम्ही ही फोड पहिल्या दिवशीच करा. शीर्षभागाचा प्रकार वेगळा, बाइटांचा वेगळा.

आता सर्वात शिकण्यासारखी जागा, म्हणजे डीकॅश, कर्नेलने मेमरीत जपलेला फाइलींच्या नावांचा साठा. लांबी बदलती, वाचक प्रचंड, लॉक घ्यायला वेळ नाही, आणि वर कोणीही कधीही नाव बदलू शकतो. तुमचाच प्रश्न, कितीतरी पटींनी मोठा. तिथल्या नावाच्या लहानशा स्ट्रक्टमध्ये ३२ बिटांचा हॅश आणि ३२ बिटांची लांबी एकाच ६४ बिटांच्या शब्दात बसवलेली आहे. साध्या फाइलसिस्टिमसाठी लुकअप आधी तो एकच शब्द ताडतो. लांबी किंवा हॅश जुळला नाही की नाव उघडायचंच नाही, आणि जवळपास सगळ्या चुकीच्या नोंदी तिथेच गळतात. पाथ वाचताना हॅश आणि लांबी दोन्ही एकाच फेरीत निघतात, शक्य त्या प्रोसेसरवर आठ-आठ बाइटच्या घासांनी. म्हणजे लांबी कोणाला वेगळी मोजावी लागत नाही. तुमच्या इंटरफेसलाही हे जमू शकेल. किल्ली म्हणून कच्ची जोडी न घेता ‘पॉइंटर, लांबी, हॅश’ असं लहान स्ट्रक्ट घ्या आणि ते बनवायला एकच फंक्शन ठेवा.

पण खरी मेख नाव बदलण्यात आहे. वाचक लॉक न घेता नोंदीचा पॉइंटर आणि लांबी वाचतोय, त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर नाव बदललं, तर पॉइंटर जुन्या नावाचा आणि लांबी नव्या नावाची अशी जोडी हाती येऊ शकते. लांबी मोठी आणि मजकूर छोटा असेल तर तुलना दुसऱ्याच्या मेमरीत घुसते. डीकॅशने याला दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. कर्नेलची स्वतःची तुलना पॉइंटर एकदाच, अखंड वाचते आणि नावाच्या शेवटी शून्य असतंच या हमीवर विसंबते. लांबी चुकीची असली तरी त्या शून्याशी तुलना फसते आणि थांबते. चुकीचं उत्तर आलंच तर पुढे सीक्वेन्स काउंटर (दर बदलाला वाढणारा आकडा) ते पकडतो. म्हणजे लांबी असूनही शून्य ठेवलंय, ते शेवट शोधायला नव्हे, अपघाताच्या वेळी भिंत म्हणून.

फाइलसिस्टिम स्वतःची तुलना देत असेल तर मात्र एवढा भरवसा ठेवून चालत नाही. तिथला कोड कोणी लिहिलाय, तो काय काय वाचेल, माहीत नाही. म्हणून अशा नोंदींसाठी कर्नेल आधी लांबी आणि पॉइंटर वाचून घेतं, काउंटर तपासून ही जोडी एकाच क्षणाची आहे याची खात्री करतं, आणि मगच लांबी व मजकूर स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून कॉलबॅकला, म्हणजे फाइलसिस्टिमच्या त्या फंक्शनला, देतं. २०११ मध्ये २.६.३८ मध्ये लॉक न घेता पाथ उलगडणं आलं, तेव्हा या कॉलबॅकची सही (आर्ग्युमेंटांची यादी) मुद्दाम बदलली गेली. ‘ही घ्या नोंद, नाव तुम्हीच काढून घ्या’ म्हणणारा इंटरफेस लॉक असेपर्यंत निर्धोक असतो. लॉक गेला की त्याच सहीचा कोड धोक्याचा होतो, आणि कंपायलर काही बोलत नाही.

तुम्हाला एवढं सगळं करायची गरज नाही, कारण तुमच्याकडे नाव बदलणं दुर्मीळ आहे. नाव बदलायचं झालं तर नवी नोंद बनवा, ती घाला, जुनी काढा, आणि आरसीयूची (लॉक न घेता वाचू देणारी कर्नेलची सोय) मुदत उलटल्यावर, म्हणजे जुने वाचक संपल्यावर, मोकळी करा. मधल्या क्षणी दोन्ही दिसतील. ते तुम्हाला चालतं का, हे मात्र आधी ठरवा.

आरहॅशटेबल. ते २०१४ पासून कर्नेलमध्ये आहे आणि मुळात ठरावीक लांबीच्या किल्लीसाठी बेतलेलं आहे. किल्ली नोंदीत कुठे आहे आणि किती बाइटची आहे, एवढं सांगितलं की झालं. लांबी बदलती असेल तर लांबीच्या जागी शून्य ठेवून तीन फंक्शनं द्यायची: शोधायच्या किल्लीचा हॅश काढणारं, नोंदीतल्या किल्लीचा हॅश काढणारं, आणि दोन्ही ताडणारं. ताडणाऱ्याने जुळलं तर शून्य द्यायचं असतं, ‘खरं’ नव्हे. ही पहिली ठेच. दुसरी ठेच जास्त खोल आहे. नोंदीचा हॅश किंवा तुलना दिली नाही तर टेबल बनतानाच एरर येते. पण शोधायच्या किल्लीचा हॅश द्यायचा राहिला तर कसलीच तक्रार होत नाही. टेबल नेहमीचा जेहॅश घेतं, त्याला शून्य लांबी मिळते, आणि कोणतंही नाव शोधा, हॅश एकच येतो. नोंदी मात्र आपापल्या खऱ्या हॅशच्या बादलीत असतात. परिणाम असा की सगळं घातलं जातं आणि जवळजवळ काहीच सापडत नाही. तिसरी गोष्ट: नोंदीचा हॅश स्वतः दिला असेल तर ‘शोधा, नसेल तर घाला’ या कामासाठी किल्ली वेगळी घेणारं फंक्शनच वापरा. नेहमीचं वापरलंत तर ते सरळ बग म्हणून कोसळतं, आणि गप्प चुकण्यापेक्षा ते बरंच.

इथे अजून एक बारकावा आहे. हॅश फंक्शनला टेबल एक बीज (हॅशमध्ये मिसळायचा यादृच्छिक आकडा) देतं, आणि टेबल वाढलं-आटलं की नव्या टेबलाला नवं बीज मिळतं. म्हणजे डीकॅशसारखा हॅश नोंदीत साठवून तोच टेबलाला परत द्यायचा, हे इथे चालत नाही. त्या वेळी प्रत्येक नोंदीचं पूर्ण नाव पुन्हा हॅश होतं. २०० बाइटची लाख नावं असतील तर हे जाणवेल. उपाय आहे: नोंद बनवताना एक गुप्त आकडा वापरून सिपहॅश एकदाच काढून ६४ बिट साठवा, आणि टेबलाच्या फंक्शनमध्ये ते ६४ बिट आणि बीज एवढंच मिसळा. सिपहॅश का, तर बाहेरून येणाऱ्या नावांनी कोणी मुद्दाम एकाच बादलीत गर्दी करू नये म्हणून. आतला हॅश कच्चा असेल तर बीज कितीही वेळा बदला, तिथे आपटलेली नावं एकत्रच राहतात. आणि मोजून बघितल्याशिवाय हे करू नका, नाहीतर एक जास्तीचं स्ट्रक्ट सांभाळत बसाल.

हॅश आणि तुलना एकाच बाइटांवर चालल्या पाहिजेत, हे कोणालाही पटतं. ‘एकच नाव’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न आला की मात्र अडचण होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर फरक नाही, युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान. बाइट मात्र एकीकडे २१, दुसरीकडे २४. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या साध्या डिरेक्टरीत या दोन वेगळ्या फाइली होतात. (फाइलच्या नावाची २५५ ची मर्यादाही बाइटांचीच आहे, त्यामुळे देवनागरीला चिन्हं मिळतात ८५. काना, मात्रा, हलंत सगळे त्यात धरून.) २०१९ पासून एक्स्ट४ मध्ये रिकाम्या डिरेक्टरीवर खूण करून अक्षरांचा केस (कॅपिटल-स्मॉल) न मानणारा शोध चालू करता येतो, आणि तो तुलना करण्यापूर्वी नाव एका ठरलेल्या रूपात आणतो. तिथे ही दोन नावं एकच. तिथे फक्त तुलनाच बदललेली नाही, हॅशही त्या ठरलेल्या रूपावरच काढला जातो, आणि दोन लांबी वेगळ्या म्हणून नाव नाकारायचा शॉर्टकट तिथे बंद होतो. तुमची नावं निव्वळ बाइट असतील तर तसं दस्तऐवजात लिहा आणि पुढे जा. ‘पुढे कधीतरी केस सोडून शोधू’ असा विचार असेल तर लांबीचा शॉर्टकट आत्ताच एका फंक्शनमागे ठेवा.

क्रमाने फिरायचं असेल तर झाड लागेल, आणि तिथे ‘पुणे’ व ‘पुणेकर’ हा जुना पेच येतो: एक किल्ली दुसरीचा उपसर्ग. आधी छोट्या लांबीएवढे बाइट ताडा, ते सारखे निघाले तर लांबी ताडा. लांब्या एकमेकींतून वजा करून उत्तर इंटमध्ये परत देऊ नका, चिन्ह उलटू शकतं. कर्नेलच्या कीरिंगमागचं (गुपितं जपायची जागा) असोसिएटिव्ह अ‍ॅरे, २०१३ चं, यावर वेगळाच इंटरफेस घेऊन येतं. ते किल्ली कधी पूर्ण मागतच नाही. ‘या बिटापासून पुढचा एक मशीन-शब्द द्या’ एवढंच विचारतं, आणि दोन नोंदींत पहिला फरक कितव्या बिटाला आहे ते विचारतं. कीरिंग त्याला पहिल्या शब्दात हॅश देतं, दुसऱ्यात वर्णनाची लांबी आणि त्याची पहिली काही अक्षरं. त्यामुळे झाड सहसा पहिल्या शब्दातच वेगळं पडतं. तुमच्या गरजेला हे जड आहे, पण किल्ली एका सलग तुकड्यात नसेल तेव्हा आठवा.

वापरकर्त्याच्या बाजूने किल्ली येते तिथे: लांबी एकदाच वाचा, मर्यादा तपासा, तेवढेच बाइट कॉपी करा, आणि पुढे त्या कॉपीवरच सगळं करा. लांबी दुसऱ्यांदा वाचलीत तर दरम्यान ती दुसऱ्या थ्रेडने बदललेली असू शकते. मोठं नाव गुपचूप कापू नका, ‘नाव फार लांब’ अशी एरर द्या. कापलेली दोन नावं एक झाली तर एकाची नोंद दुसऱ्याला मिळते, आणि त्यामागे परवानगी असेल तर तो सुरक्षेचा प्रश्न होतो. शून्य लांबीचं नाव चालतं का, हेही तिथेच ठरवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मर्यादा २०० आहे तर लांबीसाठी एक बाइट पुरेल का. एक्स्ट४ नावाच्या लांबीला एकच बाइट ठेवतं, पण तिथली २५५ ही सगळ्या युजरस्पेसला (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅमना) दिलेली जुनी हमी आहे. तुमचे २०० हा आजचा अंदाज आहे. १६ बिट घ्या. शेजारी ३२ बिटांचा हॅश असेल तर एक बाइट घेतलात काय आणि दोन घेतलेत काय, स्ट्रक्टचा साइझ ८ च येतो.